युक्तपिप्पलक: दूध तुटल्यानंतरच्या स्तनाविषयी

आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेने गेल्या वर्षी आम्हाला एक शब्द विचारला होता. दोन्ही मुले अंगावर पाजून मोठी केल्यावर, धाकटे पाच वर्षांचे झाल्यावर, त्यांनी लांबलेली स्तनाग्रे लहान करून घेण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली होती. तासाभराचे काम, तेवढ्यापुरती भूल, संध्याकाळी घरी. नवऱ्याला ठाऊक होते; गावी असलेल्या आईला अद्याप सांगायचे होते. "मराठीत सांगायचं तर काय म्हणू?" असे त्यांनी विचारले आणि वीस-बावीस वर्षे मराठीवर पोट भरणारे आम्ही तिघे-चौघे एकमेकांकडे पाहत राहिलो. 'स्तनाग्र' हा आरोग्यखात्याच्या पत्रकातला शब्द. फोनवर आईशी बोलताना तो कोण उच्चारील? 'बोंड' हा घरचा शब्द, पण तो बाळंतिणीच्या खोलीतला. तिथे बोंडाला चीर गेली, बोंड तोंडात धरत नाही, असे म्हणतात. मूल शाळेत जाऊ लागल्यावर त्या शब्दाचे काम संपते. उरतो इंग्रजी शब्द, आणि तो आईला कळला नसता.

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना तयार झाला. (त्यांना तो आधी वाचून दाखवला आहे, आणि त्यांच्या संमतीनेच तो येथे देत आहोत.)

मराठी भाषा या बाबतीत दरिद्री आहे असे मुळीच नाही. उलट, दुधाविषयी तिच्याइतक्या नेमकेपणाने बोलणाऱ्या भाषा थोड्या असतील. 'पान्हा' या एका शब्दात मुलाच्या आठवणीने दूध दाटून येण्याची सारी क्रिया आहे. वैद्यकाला ती सांगायला एक वाक्य लागते. संतांनी हा पान्हा थेट विठ्ठलाला दिला आणि विटेवरच्या पुरुषदेवतेची विठाई केली. रायगडाचा कडा उतरून तान्ह्यापाशी गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपल्याकडे इतकी मुरली आहे की, महाराष्ट्रातील एस. टी. स्थानकांवर मातांसाठी ज्या खोल्या झाल्या त्यांना 'हिरकणी कक्ष' हेच नाव मिळाले. मात्र या सगळ्या शब्दसंपत्तीची एक खूण लक्षात घ्यावी. आपण 'अंगावर पाजणे' म्हणतो, 'अंगावरचे दूध' म्हणतो. अवयवाचे नाव घेत नाही, त्या जागी सबंध अंग येते. आणि मूल मोठे झाले की आपण 'अंगावरचे तोडतो'. तोडल्यानंतर त्या अंगाचे काय होते, ते कसे दिसते, कसे वाटते, याविषयी भाषा गप्प होते. हिरकणी कडा उतरून गेली एवढे आपल्याला ठाऊक आहे. ती पुढे किती वर्षे जगली आणि कशी, हे कोणी विचारले नाही.

प्राचीन वैद्यकाने हा अवयव इतका संकोचून पाहिलेला नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात धात्री, म्हणजे दूधआई, कशी निवडावी हे सांगताना 'स्तनसंपत्' सांगितली आहे. स्तन फार वर चढलेले नसावेत, फार लोंबते नसावेत, फार कृश वा फार स्थूल नसावेत. ते 'युक्तपिप्पलक' असावेत, आणि मुलाला सुखाने पिता येतील असे असावेत. पिप्पलक म्हणजे स्तनाग्र. 'युक्त' या विशेषणाने आम्हाला बराच वेळ थांबवून धरले. सुंदर नव्हे, लहान नव्हे, उन्नत नव्हे. युक्त, म्हणजे ज्या कामासाठी आहे त्या कामाला जुळणारे. माप कोणाचे? मुलाच्या तोंडाचे. सुश्रुताने तर दोषांचे परिणामही सांगितले आहेत: स्तन फार वर असलेल्या धात्रीमुळे मुलाच्या मुखात विकृती येते, आणि फार लोंबत्या स्तनांची धात्री मुलाचे नाकतोंड झाकून त्याला गुदमरवू शकते. यातील शरीरशास्त्र आज मान्य होण्याजोगे नसले तरी त्यामागची नजर स्पष्ट आहे. स्तनाच्या आकाराला येथे चांगले-वाईट म्हटले जाते ते पिणाऱ्याच्या बाजूने.

यावरून 'आमच्या पूर्वजांकडे किती निकोप दृष्टी होती' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. ही सारी तपासणी धात्रीची आहे, दुसऱ्याच्या मुलाला पाजण्यासाठी ठेवलेल्या बाईची. तिची जात, वय, स्वभाव, स्तन आणि दूध पारखून घ्यायचे, आणि दूध पाण्यात टाकून पाहायचे. तिचे स्वतःचे मूल त्या वेळी कोठे आहे याची चौकशी ओझरती. ते जिवंत असावे एवढीच अपेक्षा. युक्तपिप्पलक असणे हे तिच्या सुखाचे लक्षण नव्हते, ती नोकरीची अट होती.

वैद्यकाच्या शेजारीच काव्य होते, आणि त्याचे माप वेगळे होते. संस्कृत काव्यात स्तनाला सर्वांत आवडता शब्द 'पयोधर', दूध धारण करणारा. पण ज्या नायिकांचे पयोधर वर्णिले जातात त्यांतील एखादीच मुलाला पाजताना दिसते. आम्ही वर्गात 'कुमारसंभवा'तील पहिल्या सर्गाविषयी बोलतो तेव्हा पार्वतीच्या तारुण्यवर्णनातील तो प्रसिद्ध श्लोक येतो, दोन्ही स्तनांमध्ये कमळाच्या देठातला तंतूही शिरू नये इतकी जवळीक सांगणारा. खरे तर आम्ही तो घाईने ओलांडतो. समोर साठ मुले-मुली असतात. त्या श्लोकात कालिदास स्तनाच्या श्याम अग्राचाही उल्लेख करतो. पुढे काय होते? ज्या कुमाराच्या संभवासाठी हे काव्य आहे त्याचा जन्म होण्यापूर्वीच, आठव्या सर्गात, कालिदासाचा म्हणून सर्वमान्य असलेला भाग संपतो. नंतरचे सर्ग दुसऱ्या हातचे मानले जातात. आणि पुराणकथेप्रमाणे त्या कुमाराला दूध पाजले ते सहा कृत्तिकांनी. म्हणून तो कार्तिकेय.

कालिदासावर अन्याय होऊ नये म्हणून 'रघुवंशा'चा तिसरा सर्गही आठवायला हवा. तेथे गर्भवती सुदक्षिणेचे स्तन पुष्ट होतात, त्यांची अग्रे काळवंडतात, आणि कवीला त्यांत भुंगे बसलेल्या कमळकळ्यांहून अधिक शोभा दिसते. अग्रांचा हा काळेपणा सुश्रुताने गर्भधारणेचे लक्षण म्हणून नोंदवला आहे. आज ज्याला डाग समजून उजळवण्याची मलमे विकली जातात, तेच लक्षण कालिदासाने सौंदर्याच्या रांगेत नेऊन बसवले. संस्कृत काव्याला मातृत्वाच्या खुणा दिसतच नव्हत्या असे म्हणणाऱ्यांना हा श्लोक पुरेसे उत्तर आहे. मात्र याच सर्गात रघु जन्मतो आणि थोड्याच श्लोकांत धात्रीचे बोट धरून चालू लागतो. सुदक्षिणेचे शरीर त्यानंतर काव्यात नाही. गर्भिणीपर्यंत कवी येतो. मूल दूध तोडून बाजूला झाल्यावर उरलेल्या स्तनाकडे, आमच्या वाचनात तरी, कोणी शोभा म्हणून पाहिलेले नाही.

ही मुले धात्रीकडे देण्याची रीत युरोपातही होती, आणि तेथे अठराव्या शतकात तिच्याविरुद्ध मोठे रान उठले. पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने १७८० मध्ये दिलेला हिशेब इतिहासकार नेहमी उद्धृत करतात: वर्षाला जन्मणाऱ्या सुमारे २१,००० मुलांपैकी जेमतेम हजार मुले आईच्या अंगावर पीत होती. बहुतेकांना गावाकडच्या दाईंकडे पाठवले जाई, आणि त्यांतली पुष्कळ परत येत नसत. लिनियसने १७५२ मध्ये दाईप्रथेविरुद्ध प्रबंध लिहिला आणि १७५८ मध्ये प्राणिसृष्टीचे वर्गीकरण करताना आपल्या वर्गाला स्तनावरून नाव दिले. केस, चार कप्प्यांचे हृदय अशी इतर लक्षणे हाताशी असताना त्याने स्तनच का निवडला, हा प्रश्न लोंडा शीबिंगर या इतिहासकार बाईंनी १९९३ मध्ये विचारला, आणि या दोन गोष्टींचा संबंध दाखवून दिला. आपण शाळेत पाठ केलेला 'सस्तन' हा शब्द त्या नावाचाच अवतार आहे. रूसोचा 'एमिल' १७६२ चा. १७९४ च्या प्रशियन कायद्याने तर सुदृढ आईवर स्वतः पाजण्याची सक्तीच केली.

१० ऑगस्ट १७९३ रोजी, पाडलेल्या बॅस्टिलच्या जागी, चित्रकार दाव्हिदच्या योजनेनुसार निसर्गदेवतेचा एक भव्य पुतळा उभारला गेला. प्लास्टरची ती इजिप्ती धाटणीची देवता दोन्ही हातांनी स्तन दाबून धरी आणि त्यांतून पाण्याच्या धारा पडत. राष्ट्रसभेच्या अध्यक्षांनी पहिला पेला भरून प्यायला, आणि त्यांच्यामागून ८६ विभागांचे वृद्ध प्रतिनिधी. तीन महिने उलटायच्या आत, ३० ऑक्टोबरला, त्याच सभेने स्त्रियांच्या सर्व राजकीय मंडळांवर बंदी घातली. या पुतळ्याची आठवण आम्हाला विशेष वाटते, कारण स्तन एवढा सार्वजनिक आणि स्त्री एवढी खाजगी यापूर्वी क्वचितच झाली असेल.

या काळात स्तनाग्राची एक निराळीच चिंता होती, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती महत्त्वाची. घट्ट कमरपट्ट्यांच्या पोषाखाने स्तनाग्रे दबून आत जातात, मुलाला धरता येत नाहीत, अशी डॉक्टर मंडळींची तक्रार असे. म्हणून ती बाहेर काढण्याचे उद्योग चालत. काचेची उपकरणे लावत, मोठ्या माणसाकडून ओढवून घेत, क्वचित कुत्र्याच्या पिलालाही लावत. चिरा पडू नयेत म्हणून टोप्या घालत. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात त्या शिशाच्याही असत, आणि ते शिसे मुलाच्या पोटात जाई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गर्भिणींना स्तनाग्रे ताणण्याचे व्यायाम सांगितले जात. थोडक्यात, लांब स्तनाग्र हे फार काळ दोष नव्हते. न लांबलेले स्तनाग्र हा दोष होता, आणि त्याच्यासाठी बाया वेदना सोसत.

मग उलट केव्हा झाले? याचे उत्तर एका तारखेत देता येत नाही, पण बाटलीच्या दुधाने त्याला वाट करून दिली असे आमचे मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लीबिग आणि नेस्ले यांची भुकट्यांची दुधे आली. १९७० च्या सुमारास अमेरिकेत जेमतेम चौथा हिस्सा माता मुलाला अंगावर घेत होत्या. मुलाच्या तोंडाचे माप नाहीसे झाले तेव्हा डोळ्याच्या मापाला स्पर्धक उरला नाही.

याच सुमारास टेक्सासमधील ह्यूस्टन येथे घडलेली हकिकत सांगण्यासारखी आहे. १९६२ च्या वसंतात टिमी जीन लिंडसे नावाची बाई धर्मादाय रुग्णालयात आली. सहा मुलांची आई, घटस्फोटित, कारखान्यात काम करणारी. तिला छातीवर गोंदवलेली गुलाबाची फुले पुसून घ्यायची होती. तेथील फ्रँक गेरो आणि थॉमस क्रोनिन या शल्यविशारदांनी सिलिकॉनच्या पिशव्या तयार केल्या होत्या. त्या आधी एका कुत्रीवर वापरून पाहिल्या होत्या. त्यांनी लिंडसेबाईंना विचारले. बाईंचे म्हणणे, मला त्यापेक्षा हे पुढे आलेले कान मागे बसवून हवेत. सौदा झाला: कान बसवून दिले आणि पिशव्याही बसवल्या. सहा बाळंतपणांनी उतरलेली छाती हा त्या बाईच्या मते तिचा प्रश्न नव्हता. तिचा प्रश्न कानांचा होता. पुढे लक्षावधी स्त्रियांनी जे मागितले ते प्रथम एका न मागणाऱ्या आईच्या अंगावर करून पाहिले गेले.

त्यानंतर मोजणी सुरू झाली. १९७६ मध्ये कॅनडातील पॉल रेन्यो यांनी उतरलेल्या स्तनांच्या तीन पायऱ्या ठरवल्या. स्तनाच्या खालच्या घडीच्या रेषेपासून स्तनाग्र किती खाली गेले, यावर त्या अवलंबून. शल्यविशारद आजही त्याच वापरतात. एक वर्ष आधी, १९७५ मध्ये, रेन्यो यांनीच वाढलेल्या स्तनाग्रांसाठी एक पद्धत मांडली होती: सुंतेच्या धर्तीवर बुंध्याजवळच्या त्वचेचे कडे काढायचे आणि टोक खाली बसवायचे, म्हणजे मधल्या दुधाच्या नलिका शाबूत राहतात. आमच्या सहकाऱ्यांवर झाली ती याच जातीची शस्त्रक्रिया. टोकाचाच तुकडा काढणाऱ्या दुसऱ्या पद्धतींत नलिकांना धोका अधिक, संवेदना जाण्याचाही. म्हणूनच मुले पुरी झाल्यावर, दूध पूर्ण आटल्यावर या वाटेने जावे असे सांगतात. २००९ मध्ये जपानमधून ६०० स्तनांची मापे प्रसिद्ध झाली: स्तनाग्राचा सरासरी व्यास १.३ सेंटिमीटर, उंची ०.९ सेंटिमीटर. मोजमाप करण्यात गैर काहीच नाही. पण सरासरी हा हिशेबातला शब्द आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावर गेल्यावर तो हळूच 'युक्त'ची जागा घेतो.

आणि त्या मेजावर नावेही रोगांचीच आहेत. लांबलेल्या स्तनाग्राला अतिवृद्धी म्हणायचे. लहान स्तनांविषयी तर १९८२ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने सरकारी औषध-प्रशासनाला लेखी कळवले होते की ही विरूपता वस्तुतः एक रोग आहे. इकडे ज्याला खरोखर तपासायला हवे होते ते मागे राहिले. पाठ्यपुस्तके स्तनाग्रात १५ ते २० दूधनलिका उघडतात असे वर्षानुवर्षे सांगत आली. पाजणाऱ्या मातांची ध्वनिलहरींनी तपासणी करून ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की त्या सरासरी नऊच्या आसपास असतात. 'पाजल्याने बांधा बिघडतो' या समजाची परीक्षा केंटकीमधील ब्रायन रिंकर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झाली. त्यात स्तन उतरण्याशी संबंध दिसला तो वयाचा, गर्भारपणांच्या संख्येचा, वजनाचा, धूम्रपानाचा. पाजण्याचा दिसला नाही. (हा अभ्यास उतरण्याविषयी आहे, स्तनाग्राच्या लांबीविषयी नाही, हे ध्यानात ठेवावे.) कित्येक मुलींनी आजवर पाजण्याचे टाळले असेल ते एका न तपासलेल्या वाक्यावर विसंबून.

येथवर आल्यावर लेखाने कोणते वळण घ्यावे हे आम्हाला ठाऊक होते. बाजार, पुरुषी नजर, शरीराचे वस्तूकरण हे शब्द आमच्या लेखणीच्या टोकाशीच असतात. आम्ही एकमेकांत तसे बोलूही लागलो होतो. सहकारी प्राध्यापिका ऐकून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या, "ब्लाउज घासून दिवसभर आग होत होती. तास घेताना हात वर करून फळ्यावर लिहिलं की जास्तच. आणि खरं सांगायचं तर, मला ती आवडतही नव्हती. यातलं कोणतं कारण तुम्हाला चालेल?"

या प्रश्नापुढे आम्हाला सुझान नोएल आठवल्या. पॅरिसच्या या डॉक्टरबाई (१८७८–१९५४) सौंदर्यशल्यक्रिया करणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांपैकी एक, आणि मताधिकारासाठी झगडणाऱ्याही. १९२४ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचे मंडळ स्थापले आणि १९२६ मध्ये सौंदर्यशल्यक्रियेच्या सामाजिक कार्याविषयी पुस्तक लिहिले. वय चेहऱ्यावर दिसू लागले की बाईची नोकरी जाते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून अशी शस्त्रक्रिया त्यांना चैन वाटली नाही. नोएलबाईंचे सगळेच आम्हाला पटते असे नाही. ज्या समाजाने सुरकुतीपायी नोकरी घालवली त्याला सुधारण्याऐवजी सुरकुती काढणे हा उपाय अपुरा आहेच. परंतु उद्या सकाळी कामावर जायचे असलेल्या बाईला समाज सुधारेपर्यंत थांबा असे सांगणेही सोपे नाही. निदान ते आम्ही सांगू नये, जे तिच्या अवयवाचे नाव घेताना अडखळतो.

आपल्या कायद्यानेही या ठिकाणी अडखळूनच पाऊल टाकले आहे. २००९ मध्ये सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांवर भारतात सेवाकर आला; २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही आरोग्यसेवेला मिळालेल्या माफीतून या शस्त्रक्रिया वगळल्या गेल्या. अपवाद कोणते? जन्मजात व्यंग, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना वा कार्य पूर्ववत करणे. ही यादी आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. मुलाने दोन-दोन वर्षे ओढून लांबवलेले स्तनाग्र हे जन्मजात नाही, विकृती नाही, इजा तर नव्हेच. यादीत बाळंतपण नाही. सहकाऱ्यांच्या बिलावर कर लागला होता.

हे आम्हाला चूक वाटते असे नाही. आईपणाला इजा किंवा विकृती म्हटले गेले असते तर आम्हीच पहिल्यांदा ओरडलो असतो. परंतु रोग, इजा, व्यंग आणि चैन या चार नावांपलीकडे शरीराला काही होऊ शकते, ते ओझे वाटू शकते आणि तरीही त्याचा पश्चात्ताप नसतो, हे सांगायला पाचवा शब्द ना शल्यशास्त्राकडे आहे, ना करवसुलीकडे, ना आमच्या वाङ्मयाकडे. चरकाचे 'युक्त' त्याच्या सर्वांत जवळ जाते. मात्र ते मुलाच्या बाजूचे युक्त आहे. तेच विशेषण आईच्या बाजूने वापरून पाहावे, असे सहकाऱ्यांना सुचवले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हे मी आईला फोनवर सांगू?"

दिवाळीत त्या गावी गेल्या तेव्हा आईला सांगितले. कोणत्या शब्दांत, ते त्यांनी आम्हाला नीट सांगितले नाही. 'अंगावरचं जरा कमी करून घेतलं' असे काहीतरी म्हणाल्या. आई भाजी निवडत होती. तिने विचारले, "टाके पडले का?" पडले होते, आठवड्याने काढले, असे त्या म्हणाल्या. मग आईने, मान वर न करता, आपल्याला चार मुलांनंतर कसे चोळीचे काठ आत दुमडून शिवून घ्यावे लागत, म्हणजे शिवण टोचत नसे, ते सांगायला सुरुवात केली. हे त्यांनी आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.